पनवेलची खाडी व मुंबईची गोदी : समुद्रापार गेलेल्या एका धंद्याची हकीकत

१

एखादा जुना धंदा बुडाला म्हणजे त्याचें कारण सांगण्याचे आपल्याकडे दोन ठरीव प्रकार आहेत. पहिला असा कीं, यंत्रयुग आलें, हातकामी कारागिरांस तें साधलें नाहीं, आणि कालगतीनें धंदा लयास गेला. दुसरा असा कीं, परकी सरकारनें कायदा करून तो बुद्ध्या मारला. मुंबईच्या गोदींतील जहाजबांधणी एकोणिसाव्या शतकांत कशी संपली, या प्रश्नास हीं दोन्ही उत्तरें आजवर देण्यांत आलीं आहेत. दोहोंतही कांहीं तथ्य आहे. परंतु घटना सनावार मांडून पाहिल्या असतां दोन्ही उत्तरें अपुरीं ठरतात, असें आमचें मत आहे; व तें कां, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. कोणत्याही धंद्यास तीन आधार लागतात : काम करणारे हात, काम सांगणारा धनी, व कामाचें साहित्य. यांपैकीं हात निघून गेले तरी धनी जागेवर असेल तर धंदा पुन्हां उभा राहतो. धनीच आपलें काम समुद्रापार नेऊं लागला, म्हणजे हात कितीही कुशल असोत, धंदा टिकत नाहीं. याच्या पुराव्यादाखल मुंबई बंदराच्या दोन तीरांवरील तीन उदाहरणें घेतों. त्यांपैकीं पहिलें व तिसरें खुद्द पनवेलचें आहे. म्हणून आरंभ पनवेलच्या खाडीपासून करितों.

२

पनवेल आज लोहमार्गाचें जंक्शन व हमरस्त्यांचा तिठा म्हणून लोकांस ठाऊक आहे. जुन्या काळीं तें बंदर होतें. मुंबईहून होडीनें पनवेलीस उतरावें, तेथून खोपोलीस जाऊन बोरघाट चढावा व पुणें गांठावें, हा नित्याचा मार्ग होता. परंतु पनवेल हें नुसतें उताराचें बंदर नव्हतें. तेथें लढाऊ गलबतें बांधलीं गेलीं, याला पोर्तुगीज दप्तरांत समकालीन पुरावा आहे.

शिवाजीमहाराजांनीं इ. स. १६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी घेतली. त्यानंतर दोन वर्षांच्या आंत, ऑगस्ट १६५९ मध्यें, गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं आपल्या राजास जें पत्र लिहिलें त्यांत, शहाजीच्या या पुत्रानें वसई भागांतील भिवंडी, कल्याण व पनवेल या बंदरांत लढाऊ जहाजें बांधिल्याची खबर आहे, व त्यामुळें सावध राहणें प्राप्त आहे असेंही कळविलें आहे. पोर्तुगीज दप्तरांतील मराठ्यांविषयींचे कागद उजेडांत आणण्याचें श्रेय मुख्यत्वें पांडुरंग पिसुर्लेकर यांस आहे, हें वाचकांस विदित आहेच.

या बांधणीच्या कामावर प्रथम रुई लैतांव व्हिएगस नांवाचा पोर्तुगीज, त्याचा मुलगा फर्नांव, व त्यांच्या हाताखालील फिरंगी माणसें होतीं. हें आरमार दंडाराजपुरीच्या सिद्दीवर जावयाचें आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. परंतु आज सिद्दीवर जाणारें आरमार उद्यां आपल्यावर येईल, हें वसईच्या कप्तानानें ओळखलें. त्यानें व्हिएगस यास समजावून काम सोडावयास लाविलें, व तो आपल्या माणसांसह निघून गेला. शेजारच्या राज्यास एखादी विद्या मिळूं नये म्हणून ती जाणणारीं माणसें काढून घ्यावीं, ही युक्ति आजकालची नव्हे, हें यावरून दिसेल.

व्हिएगस गेला म्हणून काम थांबलें काय? मुळींच नाहीं. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, व १६६५ च्या आरंभीं महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर गेले. धनी येथला होता, त्याची गरज येथली होती, व जंगल येथलें होतें; सबब हात येथेंच तयार झाले. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. गलबतें फार थोर नकोत व फार लहान नकोत, सागवान राज्यांतील जंगलांतून परवानगीनें तोडावें, रयतेच्या आंब्याफणसांस तिच्या राजीखुषीवांचून हात लावूं नये, इतका बारीक विचार त्यांत केलेला आहे. हीं वाक्यें आपण रयतेविषयींच्या कळवळ्याचें उदाहरण म्हणून नेहमीं वाचतों. तीं एका चालत्या कारखान्याचे नियम म्हणूनही वाचण्याजोगीं आहेत. लाकूड कोठून आणावें व कोणास विचारून आणावें, हें ज्या राज्यास लिहून ठेवावें लागतें, त्या राज्यांत जहाजें नित्य बांधलीं जात असतात.

हा कारखाना पुढें आंग्र्यांच्या हातीं वाढला. विजयदुर्गाजवळ खाडीच्या काठीं त्यांची गोदी होती. फेब्रुवारी १७५६ मध्यें इंग्रजांनीं पेशव्यांशीं संधान बांधून विजयदुर्ग घेतला, व त्या वेळीं तुळाजी आंग्र्याचें आरमार जळून खाक झालें. या प्रकरणावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, म्हणून आम्ही येथें एवढेंच नमूद करितों कीं, आरमार जळाल्यानें कोंकणांतील सुतारांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक त्या दिवशीं नाहींसा झाला. उरला मोठा गिऱ्हाईक एकच, तो म्हणजे मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी.

३

मुंबईची गोदी ही कंपनीनें शून्यांतून उभी केलेली नाहीं. ती सुरतेहून माणूस आणून उभी केली. लवजी नसरवानजी हा पारशी कारागीर इ. स. १७३६ च्या सुमारास आपल्याबरोबर कांहीं सुतार घेऊन सुरतेहून मुंबईस आला. जहाज बांधणारा या अर्थाच्या गुजराती शब्दावरून त्याचें घराणें वाडिया म्हणून प्रसिद्ध झालें. १७५० मध्यें मुंबईस सुकी गोदी तयार झाली. पाणी काढून टाकून जहाजाचा तळ उघडा करण्याची अशी सोय आशियांत तेव्हां दुसरी नव्हती. पुढें या गोदीचे आणखी भाग झाले, व सुमारें दीडशें वर्षें तेथील मुख्य बांधणाराचें पद एकाच घराण्यांत राहिलें.

या गोदीचा उत्कर्षकाल म्हणजे १८१० ते १८३१. जमशेटजी बमनजी याच्या देखरेखीखालीं १८१० मध्यें मिंडेन नांवाचें ७४ तोफांचें जहाज इंग्रज बादशाही आरमारासाठीं पाण्यांत सोडण्यांत आलें. त्या आरमाराचें पहिल्या प्रतीचें लढाऊ जहाज ब्रिटनबाहेर बांधलें गेल्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यामागून कॉर्नवॉलिस (१८१३), वेलस्ली (१८१५), त्रिंकोमाली (१८१७), गँजेस (१८२१), एशिया (१८२४), बॉम्बे (१८२८) व कलकत्ता (१८३१) हीं जहाजें झालीं. १८२७ च्या नव्हारिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापतीचें निशाण एशियावर होतें. १८४२ चा नानकिंगचा तह कॉर्नवॉलिसच्या फळ्यांवर झाला.

हीं जहाजें नुसतीं स्वस्त होतीं असें नव्हे. मलबारच्या सागांत एक प्रकारचें तेल असतें. त्यामुळें त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा ओकाच्या लाकडांतल्याप्रमाणें लौकर गंजत नाहीं. हें लाकूड कुजत नाहीं व किडीस दाद देत नाहीं. याचा पुरावा आजही पाण्यावर आहे. त्रिंकोमाली हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें दुरुस्त करून ठेविलें असून तें अद्यापि तरंगतें आहे. वेलस्ली नांव बदलून शिक्षणाचें जहाज म्हणून टेम्स नदींत उभें होतें. तें बांधल्यापासून सव्वाशें वर्षांनीं, सप्टेंबर १९४० मध्यें, जर्मन विमानांच्या बाँबनें बुडालें. कालगतीनें ज्यांचें मरण आलें असें आपण म्हणतों, त्या कारागिरांचें काम इतकें टिकाऊ होतें.

४

आतां दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे कायद्याचा विचार करूं. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धाच्या काळांत इंग्लंडास जहाजांचा तुटवडा पडला, व हिंदुस्थानांत बांधलेलीं व्यापारी जहाजें माल घेऊन लंडनपर्यंत जाऊं लागलीं. लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांस हें खपलें नाहीं. त्यांनीं पार्लमेंटाकडे अर्ज केले, व १८१४ मध्यें हिंदुस्थानी बांधणीच्या जहाजांविषयीं एका कमिटीनें साक्षी घेतल्या. त्या वर्षाच्या व पुढें १८२३ च्या कायद्यानें हिंदी खलाशी हा ब्रिटिश नाविक समजला जाऊं नये असें ठरलें. ब्रिटिश जहाज म्हणून हक्क मिळण्यास त्यावरील बहुतेक नाविक ब्रिटिश असावे लागत. अर्थात् मुंबईचें जहाज, मुंबईचे खलाशी, अशी जोडी लंडनच्या बंदरांत अडचणीची ठरली. व्यापारी जहाजबांधणीस याचा फटका बसला, हें निर्विवाद आहे.

तथापि वर दिलेलीं सालें पुन्हां पाहावीं. वेलस्लीपासून कलकत्त्यापर्यंतचीं बादशाही जहाजें १८१४ च्या कायद्यानंतरचीं आहेत. बादशाही आरमारास तो कायदा लागू नव्हता, व आरमारखात्यास मुंबईचें जहाज पाहिजे होतें, म्हणून तें बांधलें गेलें. उलट पक्षीं, असले नौकानयनाचे जुने निर्बंध १८४९ मध्यें इंग्लंडानें स्वतःच उठविले. पण त्यामुळें मुंबईच्या गोदीस ऊर्जितावस्था आली नाहीं. कायदा असतांना काम चाललें व कायदा गेल्यावर काम थांबलें, तेव्हां एकट्या कायद्यास कारण म्हणतां येत नाहीं.

५

पहिलें उत्तर यंत्राचें. भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरु या संस्कृत ग्रंथांत नौकांचें प्रकरण आहे. त्यांत लाकडाच्या ब्राह्मण-क्षत्रियादि जाती सांगितल्या असून, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण पाण्यांतील चुंबकाचे खडक लोखंडास ओढून घेतील, असा निषेध आहे. असल्या वचनांवरून आपले कारागीर जुन्यास चिकटून बसले व लोखंड-वाफेच्या युगांत निरुपयोगी ठरले, असा तर्क करणें सोपें आहे. मुंबईच्या गोदीचा इतिहास त्याच्या अगदीं उलट आहे.

१८२९ मध्यें मुंबईस ह्यू लिंडसे ही ४११ टनांची आगबोट पाण्यांत सोडण्यांत आली, व मार्च १८३० मध्यें ती स्वतःच्या वाफेवर मुंबईहून सुवेजकडे निघाली. सांगाडा मुंबईचा, यंत्र विलायतेचें. १८३८ मध्यें वाडिया घराण्यांतील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतभाऊ इंग्लंडास जाऊन तेथील बांधणीची रीत शिकले. त्यांनीं आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्याची हकीकत इंग्रजींत लिहून १८४१ मध्यें छापली. त्यांचाच आप्त अर्देशर कर्सेटजी याची कामगिरी याहून मोठी. त्यानें १८३३ मध्यें इंडस ही लहान आगबोट पाण्यांत सोडली, १८३४ मध्यें माझगांवच्या आपल्या घरीं धुराच्या वायूचे दिवे लाविले, व १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद होण्याचा मान मिळविला. तो मान मिळालेला पहिला हिंदी मनुष्य हाच. त्याच वर्षीं तो मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्याचा मुख्य यंत्रज्ञ झाला व गोरे कामगार त्याच्या हाताखालीं आले. १८५१ मध्यें त्यानें लवजी फॅमिली ही आगबोट पाण्यांत सोडली. तिचे सर्व भाग त्याच्या घरच्या ओतशाळेंत घडविले होते.

ही शेवटची गोष्ट आमच्या मतें फार महत्त्वाची आहे. १८२९ मध्यें यंत्र विलायतेहून आणावें लागलें. १८५१ मध्यें तें येथें घडविलें गेलें. म्हणजे बावीस वर्षांत विद्या पूर्णपणें हस्तगत झाली होती. नवीन कलेंत कारागीर मागें पडले, या म्हणण्यास येथें जागाच राहत नाहीं. अर्देशर १८५७ मध्यें सेवेंतून निवृत्त झाला, इंग्लंडास जाऊन राहिला, व १८७७ मध्यें तेथेंच वारला. त्याच्यामागें त्याच्या योग्यतेचें काम मुंबईंत उरलें नव्हतें.

६

मग घडलें काय? त्याचें उत्तर चीनच्या नदींत सांपडतें. नानकिंगचा तह ज्या युद्धाच्या अखेरीस झाला, त्या युद्धांत मुंबईच्या सागाचें कॉर्नवॉलिस होतें. आणि त्याच युद्धांत नेमेसिस नांवाची लोखंडी आगबोटही होती. नेमेसिस लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गांवीं लेअर्ड यांच्या कारखान्यांत बांधलेली होती. तिचा मालक कोण? आपलीच ईस्ट इंडिया कंपनी. मुंबईची गोदी जिच्या कामावर शंभर वर्षें जगली, त्या कंपनीनें नव्या तऱ्हेच्या जहाजाचें काम स्वतःच्या गोदीस न सांगतां इंग्लंडांतील कारखानदारास सांगितलें. लोखंडाच्या खाणी, कोळसा, ओतशाळा व भांडवल तेथें एकमेकांना लागून होतें, व काम देणारे संचालकही तेथेंच बसत. नंतर तर विलायतेंत घडलेल्या लोखंडी आगबोटींचे सुटे भाग जहाजांतून इकडे पाठवून येथें नुसते जोडण्याची रीत पडली. बांधणाऱ्याचा जोडणारा झाला, व जोडणाऱ्याचा पुढें दुरुस्ती करणारा झाला.

हा ऱ्हास एकाएकीं झाला नाहीं. १८४८ मध्यें मियानी हें ८० तोफांचें सागवानी जहाज मुंबईस बादशाही आरमारासाठीं तयार झालें. त्या जातीचें तें अखेरचें. १८५४ मध्यें कंपनीच्या हिंदी आरमारासाठीं असई व पंजाब या वाफेच्या दोन मोठ्या लढाऊ बोटी झाल्या. एप्रिल १८६३ च्या अखेरीस सरकारनें तें हिंदी आरमारच मोडून टाकलें. शेवटचा मोठा गिऱ्हाईक गेला. असई व पंजाब इंग्लंडांत विकल्या गेल्या. पंजाब घेणाऱ्या जॉन विलिस नांवाच्या व्यापाऱ्यानें तिचीं यंत्रें काढून तिला शिडाचें जहाज केलें व तिचें नांव ट्वीड ठेविलें. तिची चाल पाहून तो इतका खूष झाला कीं, १८६९ मध्यें त्यानें बांधविलेल्या कटी सार्क या सुप्रसिद्ध जहाजाच्या घडणींत ट्वीडच्या आकाराचें अनुकरण झालें असें मानितात. कटी सार्क आज ग्रिनिच येथें जतन करून ठेविली आहे; तिच्या घडणींत मुंबईच्या सुतारांचा हात किती, हें पाहावयास येणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच ध्यानीं येत असेल.

वाडिया घराण्यांतील शेवटचा मुख्य बांधणारा जमशेटजी धनजीभाई हा १८८४ च्या सुमारास पदावरून उतरला. त्यानंतर गोदी राहिली, दुरुस्तीचें काम राहिलें. मोठें लढाऊ जहाज बांधण्याचें काम राहिलें नाहीं. माझगांवच्या गोदींत नीलगिरी ही युद्धनौका ऑक्टोबर १९६८ मध्यें पाण्यांत सोडण्यांत आली, तेव्हां १८५४ पासून ११४ वर्षें लोटलीं होतीं, आणि तिचे नकाशे ब्रिटनहून आणावे लागले. एकदां गेलेलें काम परत आणावयास किती काळ लागतो, याचें हें माप आहे. तें परत आलें याचेंही कारण तेंच : १९६० मध्यें ती गोदी सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली, व काम सांगणारा धनी पुन्हां या देशांत आला.

७

आतां तिसरें उदाहरण, व तें पुन्हां पनवेलचें. १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून देशावरचा माल बैलगाड्यांनीं पनवेल बंदरांत उतरूं लागला. ज्या एप्रिल १८६३ मध्यें हिंदी आरमार मोडलें, त्याच महिन्याच्या २१ तारखेस बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. मुंबई व पुणें आगगाडीनें जोडलीं गेलीं, व पनवेलवरून जाणारा माल आणि उतारू दोन्ही कमी झाले. एकाच महिन्यांत खाडीच्या दोन्ही तीरांवर घाला पडला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु परिणाम सारखे झाले नाहींत. पनवेलीस एक धंदा होता, तो म्हणजे गाड्यांचीं चाकें करण्याचा. लोहमार्ग सुरू होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षें झाल्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटिअरांत पनवेलचा मुख्य धंदा म्हणून चाकांच्याच कामाची नोंद आहे. देशावरून उतरणारा गाडीवान येथून चाकांची एक जोडी घेऊन जातो, असें त्यांत म्हटलें आहे. आगगाडीनें लांबचा माल नेला. पण शेतांतून स्टेशनापर्यंत, बाजारापासून गांवापर्यंत बैलगाडी होतीच. चाकाचा गिऱ्हाईक घाटावरचा कुणबी होता. तो लंडनास राहत नव्हता, व त्यास चाक लंडनाहून आणवणें शक्यही नव्हतें. सबब सुताराचा हात चालत राहिला. पुढें रबरी टायरची गाडी व मोटार आली तेव्हां तोही धंदा क्षीण झाला, परंतु ती गोष्ट निराळी आहे; तेथें गिऱ्हाइकाची गरज बदलली, काम कोणी उचलून समुद्रापार नेलें नाहीं.

तिन्ही उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे लेखारंभींचें आमचें म्हणणें स्पष्ट होईल. १६५९ मध्यें पनवेल-कल्याणचे जाणते हात निघून गेले, धनी राहिला, व आरमार वाढलें. मुंबईस हात राहिले, विद्याही आली, पण काम सांगणारानें तें इंग्लंडास सांगितलें, व गोदी ओस पडली. पनवेलच्या चाकांचा धनी घाटावरच होता, म्हणून आगगाडीच्या धक्क्यांतूनही तो धंदा निभावला.

८

हा प्रश्न केवळ जुन्या काळचा आहे असें कोणी समजूं नये. पनवेलजवळ पाताळगंगेच्या कांठीं रसायनी येथें हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. या कंपनीची स्थापना डिसेंबर १९६० मधली. रंग, औषधें व रबर यांच्या कारखानदारांस लागणारीं मूलभूत रसायनें देशांतच व्हावीं, हा तिचा हेतु होता. आयातीवरील जकाती उतरल्यावर तींच रसायनें परदेशांतून स्वस्त येऊं लागलीं, कारखाना तोट्यांत गेला, व मे २०१७ मध्यें केंद्र सरकारनें रसायनीचें उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. कामगारांस स्वेच्छानिवृत्ति देण्यांत आली, व जमिनीचा मोठा भाग विकण्याचें ठरलें. त्यांतून एकच विभाग वांचला. अग्निबाणांचें द्रव इंधन जाळण्यास लागणारा नायट्रोजन टेट्रॉक्साइड जेथें होतो, तो विभाग इस्रोकडे सोंपविण्यांत आला. इस्रोस तो पदार्थ येथेंच हवा होता. बाकीच्या मालाचे गिऱ्हाईक कारखानदार होते. त्यांस स्वस्त भाव पाहिजे होता, व तो परदेशांत मिळाला. वरील नियमास याहून निकटचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

रसायनीचा कारखाना कोणीं उचलून परदेशीं नेला नाहीं, हा मुंबईच्या गोदीहून फरक आहे खरा. पण मुंबईची गोदीही कोणीं उचलून नेली नव्हती. दोन्ही ठिकाणीं इमारती जागेवर राहिल्या व काम गेलें. १९८९ पासून खाडीपलीकडे न्हावाशेव्याचें मोठें बंदर चालू आहे. कल्याण-पनवेलच्या ज्या पाण्यांतून महाराजांचीं गलबतें बाहेर पडलीं, त्याच पाण्यास लागून परदेशांत घडलेला माल उतरतो.

९

शेवटीं साधनांविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण हें त्रैमासिक वाचणारे बहुतेक लोक जुने कागद जमविणारे आहेत.

गांवच्या सुताराचें नांव आपल्या कागदांत सांपडतें. तो बलुतेदार होता, त्याला वतन होतें, व वतनावरून तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे आणि महजर होई. त्या महजरांत सुताराच्या चार पिढ्यांचीं नांवें, त्याचा हक्क, साक्षीदार, सर्व लिहिलें जाई. त्याचें काम दुसऱ्यास देणें हा न्यायाचा विषय होता. गोदींतील सुतारास असें वतन नव्हतें. तो रोजमुऱ्यावरचा माणूस. काम संपलें कीं त्याचा संबंध संपला. तंटा करण्यास हक्क नव्हता, म्हणून महजर नाहीं. जहाज पाण्यांत सोडल्याच्या याद्यांत जहाजाचें नांव, तोफा, टन व मुख्य बांधणारा इतकें येतें. वाडिया घराण्यांतील पुरुषांस कंपनीनें चांदीचे गज व शाली दिल्या. रत्तनजी अर्देशर वाडिया यांचा त्या घराण्यावरील मोठा इंग्रजी ग्रंथ १९५५ चा आहे. त्यांच्या हाताखालीं ज्यांनीं फळ्या तासल्या व सांधी बुजविल्या, त्यांच्या नशिबीं ग्रंथ आला नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचें साहित्य सरकारी दप्तरांपेक्षां घराघरांत असण्याचा संभव अधिक. पनवेल, उरण, अलिबाग, रेवदंडा या भागांतील सुतार, कोळी, खारवी व भंडारी यांच्या घरीं, तसेंच बंदरांतील आडत्यांच्या घरीं, चोपड्या, पावत्या, खलाशांचे दाखले, लाकडाच्या खरेदीचे हिशेब असे कागद असतात. त्यांस पेशवाईंतील पत्राची किंमत नाहीं असें समजून ते रद्दींत घातले जातात. अशा चोपडींत माणसाचें नांव, गांव, काम, रोज व साल हीं पांच सापडलीं तरी ती चोपडी संग्रहास योग्य समजावी.

आणि हाच न्याय अलीकडच्या कागदांसही लावावा, अशी आमची सूचना आहे. बंद पडलेल्या कारखान्यांचे हजेरीपट, पगारपत्रकें, कामगारसंघांचे ठराव, निवृत्तीचे हुकूम हे कारखान्याची जमीन विकली जातांना सर्वांत आधीं नष्ट होतात. इतिहाससंशोधकांनीं १८१८ नंतरच्या कागदांस हात लावावयाचा नाहीं, असा एक अलिखित दंडक पूर्वीं होता. तो मागें पडला हें बरेंच झालें. आतां १९६० नंतरच्या कागदांविषयींही तोच संकोच सोडला पाहिजे. दीडशें वर्षांनीं रसायनीची हकीकत लिहूं पाहणारास, आज मुंबईच्या गोदीविषयीं आपणांस जी अडचण पडते, ती पडूं नये. ज्यांच्या पाहण्यांत असे कागद असतील त्यांनीं ते मूळ मालकाच्या संमतीनें जवळच्या संशोधनसंस्थेकडे पोंचवावे; मूळ देणें शक्य नसल्यास नक्कल करून, कागद कोणाकडे व कोठें आहे याची टीप तिच्यासोबत द्यावी.